वर कोवळं, खाली जून

पहाटे पावणेपाच

चहाच्या आधी पिशव्या. काल कापलेला चारा कागदी पिशव्यांत भरून माडीवर सावलीत, दोरीला चिमट्यांनी अडकवून ठेवलाय. एकेक पिशवी हाताने दाबून पाहायची. आत दमट लागलं तर उघडून पुन्हा पसरायची. कोंदटलेल्या पाल्याला बुरशी धरते आणि मग प्रयोगशाळेत त्यातलं नत्र मोजण्यात काही अर्थ राहत नाही. स्पितीची हवा इतकी कोरडी की अशी वेळ क्वचित येते, पण काल संध्याकाळी थोडी भुरभुर झाली होती. दोन पिशव्या संशयास्पद निघतात. त्या पसरते आणि मग चहाला बसते.

हे किब्बर. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,200 मीटरवरचं गाव. मान्सूनचे ढग हिमालयाच्या मुख्य रांगेनं पलीकडेच अडवलेले, त्यामुळे इकडे सगळा डोंगर पिवळा-तपकिरी आणि त्यावर हिरवळीचे तुरळक पट्टे. जुलैचा पहिला आठवडा चाललाय. आमचं काम सांगायला सोपं आहे. डोंगराच्या कुठल्या उंचीवर, कुठल्या महिन्यात, चाऱ्यात किती कस असतो आणि भरालं त्यातलं नेमकं काय उचलतात, एवढंच शोधायचं.

भराल म्हणजे निळसर राखाडी अंगाचा, कड्याकपारीतला रानटी प्राणी. इंग्रजीत त्याला निळी मेंढी म्हणतात. पण जॉर्ज शॅलर यांनी नेपाळमध्ये त्याच्या सवयी न्याहाळल्या आणि तो वागायला शेळीच्या जास्त जवळचा असल्याचं दाखवून दिलं. 1973 मध्ये शॅलर शे इथं गेले ते याच कामासाठी. स्पितीत त्याला ‘ना’ म्हणतात. हिमबिबट्याचं पोट मुख्यतः याच्यावर भरतं, म्हणून जगाचं लक्ष हिमबिबट्याकडे आणि आमचं लक्ष भरालाच्या पोटाकडे.

आज तिघं आहोत. गावातले मेमे, म्हणजे आजोबा. सगळा गाव त्यांना तसंच हाक मारतो. दुसरा वाशिमकडचा एक पोरगा, पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलेला, घरी दोन म्हशी. तो शिकायला आलाय, पण चाऱ्याच्या बाबतीत त्याला फार काही शिकवावं लागत नाही.

सहा

नाला आत्ता घोट्याएवढा आहे. वरचा बर्फ दिवसभर वितळतो आणि ते पाणी दुपारी इथवर पोचतं. तीन वाजल्यानंतर इथून ओलांडायचा विचारही करायचा नाही. परतताना वरून यायचं, जिथं तो तीन धारांत फुटलेला असतो.

पहिला तुकडा गावाच्या जरा वर. लोखंडी चौकट जमिनीवर टाकायची, अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. आतलं सगळं जमिनीलगत कात्रीनं कापायचं. मग वेगळं करायचं: गवत, लव्हाळ्याच्या जातीचं गवत, रुंद पानांच्या वनस्पती, झुडपं. त्यातही हिरवं वेगळं, वाळकं वेगळं. कापायला दहा मिनिटं लागतात, निवडायला अर्धा तास.

पोरगा एक काडी उपटून नखानं दाबतो. नख आत जात नाही.

“ताई, हे तर जून झालं.”

झालंच आहे. ही काडी नीट पाहण्यासारखी आहे. बुंध्याशी दोन बोटं अजून हिरवी, त्यावर पानाचा देठवजा आवरणाचा भाग फिकट, पानाचं टोक पिवळं पडायला लागलेलं आणि मधून निघालेली तुऱ्याची दांडी ताठ, चकचकीत, मोडली तर ‘कट्’ असा आवाज करणारी. पंधरवड्यापूर्वी हेच गवत पोटरीत होतं. आता निसवलंय. पोटरीत असेपर्यंत गवताचा सगळा जीव पानात असतो. पानातल्या पेशींत प्रथिनं आणि साखर भरलेली, पेशीभित्ती पातळ. एकदा तुरा काढायचा ठरलं की दांडी उभी राहिली पाहिजे, म्हणून पेशीभित्ती जाड होते आणि तिच्यात लिग्निन साठतं. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ. ते रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातल्या जंतूंनाही पचत नाही, आणि शेजारचा सेल्युलोजही पचू देत नाही. वाढलेलं गवत दिसायला भरपूर, वजनाला भरपूर, पण दर घासामागे हाती लागणारं कमी.

आकड्यांत सांगायचं तर थंड डोंगरातल्या गवताच्या कोवळ्या पात्यात कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं सापडू शकतात. फुलोऱ्यापर्यंत ती निम्म्यावर येतात. हिवाळ्यात उभ्या राहिलेल्या वाळक्या काडीत साधारण 3 ते 5 टक्के. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातले जंतू नीट चालायला चाऱ्यात 7 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की जंतूच उपाशी राहतात, चारा पोटात नुसता पडून राहतो, आणि प्राणी पुढचा घासही कमी घेतो. म्हणजे निकस चारा दुहेरी मारतो: त्यात आहेच थोडं, आणि खाताही येतं थोडंच.

हे मोजायची रीत जुनी आहे. नत्र काढायचं आणि त्याला 6.25 नं गुणायचं, कारण प्रथिनात साधारण 16 टक्के नत्र असतं. योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही पद्धत बसवली ती बिअरसाठीच्या बार्लीतली प्रथिनं मोजायला. भरालाच्या डोक्यातही नसेल की त्याच्या न्याहारीचा हिशेब बिअरच्या कारखान्यातून आलाय. तंतूंचं मोजमाप मात्र पुष्कळ नंतरचं, 1960च्या दशकातलं, पीटर व्हान सोस्ट यांचं. त्यात चारा एका साबणी द्रावणात उकळतात. पेशीच्या आतलं विरघळून जातं आणि भिंती मागे उरतात.

पावणेआठ

मेमेंनी हात वर केला की थांबायचं. ते दुर्बीण लावत नाहीत, तरी त्यांनाच आधी दिसतं.

समोरच्या धारेखाली माद्यांचा कळप आहे, सोबत पिल्लं. काही पिल्लं महिन्याभराची असतील, काही त्याहून लहान. मे अखेरपासून जुलैपर्यंत भरालाची वीण होते, एका मादीला बहुधा एकच पिल्लू. ही वेळ काही योगायोगानं ठरलेली नाही. मादीचा गर्भ साधारण 160 दिवसांचा. हिवाळ्यात गाभण राहायचं आणि डोंगर हिरवा व्हायला लागला की व्यायचं. दूध देताना तिला चाऱ्यात 12-13 टक्क्यांच्या पुढे प्रथिनं हवीत. तेवढी या खोऱ्यात वर्षातून मोजके आठवडेच मिळतात.

मोठी दुर्बीण तिकाटण्यावर लावून पोरगा एका मादीवर नजर ठेवतो आणि घास मोजतो. मी घड्याळ धरून वही लिहिते. मिनिटाला किती घास, घासांमध्ये किती पावलं, डोकं किती वेळा वर. चारा दाट आणि कोवळा असला की पावलं कमी, घास जास्त. चारा विरळ असला किंवा जून, तर निवडण्यात वेळ जातो. डोकं वर काढून टेहळणी करण्यात किती वेळ जातो हेही लिहायचं, कारण माद्या पिल्लांना घेऊन कड्यापासून फार दूर जात नाहीत. तिकडे पठारावर याहून चांगलं कुरण दिसतंय, पण तिथून कड्याशी पळत यायला वेळ लागेल आणि हिमबिबट्याला तेवढा पुरतो. कॅनडातल्या अल्बर्टात मार्को फेस्टा-बियांके यांनी रानमेंढ्यांबद्दल 1988 मध्ये हेच दाखवलं होतं: गाभण माद्या खालचा चांगला चारा सोडून आधीच वर चढल्या, जिथं तेव्हा खायला निकस होतं पण शिकाऱ्यांची भीती कमी. पोषणाचा नकाशा काढताना ही गोष्ट विसरली की सगळं गणित खोटं पडतं.

कळप पुढे सरकल्यावर आम्ही त्याच जागी जातो. आता काम बोटांचं. मादीनं जे पान तोडलं त्याच झाडाचं तसंच दुसरं पान, तेवढंच, हातानं तोडून पिशवीत घालायचं. हे जरा विचित्र दिसतं. तीन माणसं उकिडवी बसून घास घेतायत. पण याला पर्याय नाही. भरालाचं तोंड अरुंद असतं, ओठ चपळ. ते जून दांड्यांमधून दोन हिरवी पाती वेचून काढतं. सकाळी चौकटीत कापलेल्या गवताची सरासरी आणि मादीच्या पोटात गेलेला चारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा कस नेहमीच वरचढ. याक ते करू शकत नाही. त्याचं तोंड रुंद, तो सपाटून खातो.

एके ठिकाणी बुटकी काटेरी झुडपं चरलेली दिसली. ही कॅरागाना, शेंगवर्गातली. पानं गळाली की देठाचाच काटा होतो. फुलं उमलताना पिवळी आणि नंतर तांबूस. आत्ता कोवळी पानं असल्यामुळे जनावरं तोंड घालतात. आणखी काही महिन्यांनी याच झुडपाकडे ती वेगळ्या कारणानं वळतील.

सव्वादहा

4,550 मीटर. सकाळपासून साडेतीनशे मीटर चढलो, आणि गवत उलट दिशेनं गेलंय: खाली निसवलेलं, इथं अजून पोटरीत.

डोंगरात चढणं म्हणजे ऋतूत मागे जाणं. अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञानं 1918 मध्ये एक ठोकताळा मांडला होता, की वसंत दर 400 फुटांना चार दिवसांनी वर सरकतो. तो त्याच्या देशातल्या शेतीपुरता होता. स्पितीत उताराचं तोंड कुठं, बर्फ किती साठला, वारा कुठून, यानं तो कुठंही मागेपुढे होतो. तरी त्या हिशेबानं गाव आणि आज आम्ही जाणार ती वरची जागा यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर पडतं, आणि ढोबळमानानं ते डोळ्यांना पटतं. एकाच दिवशी खाली जून झालेलं, मध्ये भरात आलेलं आणि वर नुकतं फुटणारं गवत मिळतं. जो प्राणी बर्फाच्या कडेमागून वर सरकत जाईल, त्याला दोन-तीन आठवड्यांची कोवळीक दोन-अडीच महिने पुरवता येते. उत्तर अमेरिकेतल्या हरणांवर गळपट्टे लावून काम करणारे लोक याला हिरव्या लाटेवर स्वार होणं म्हणतात. आमच्याकडे लाट वगैरे काही दिसत नाही. एखादी घळ महिनाभर उशिरा हिरवी होते, शेजारचा दक्षिणेकडे तोंड केलेला उतार तेवढ्यात वाळून जातो. ठिगळंच सगळी. पण भरालाला ती ठिगळं पाठ असतात.

शिवाय उंचीचा स्वतःचाही एक वाटा आहे. थंडीत वाढणाऱ्या पानांत नत्राचं प्रमाण मुळातच जास्त असतं. क्रिस्टियान क्योर्नर यांनी 1989 मध्ये वेगवेगळ्या पर्वतांवरची पानं तपासून ते दाखवलं. पानं लहान, जाड, आणि वाढ हळू. दांडी मोठी करायला सवडच नसते, त्यामुळे लिग्निनही बेताचं.

इथं दगडांत मला हवं होतं ते सापडतं. पोराला म्हणते, ओळख बघू. तो खाली वाकतो, पान चुरगाळून हुंगतो, मग बोटाला चिकटलेलं बघतो आणि हसायला लागतो.

“हरभरा!”

रानहरभरा. नाव सायसर मायक्रोफायलम, आपल्या हरभऱ्याचा चुलत भाऊ. जांभळी फुलं, टोकाला वेटोळी तार, आणि पानांवर तीच चिकट लव. आपल्याकडे सकाळी हरभऱ्याच्या शेतातून चालताना पोटऱ्यांना आंब लागते, तोच प्रकार. शेंगवर्गातल्या वनस्पतीच्या मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जंतू असतात, म्हणून एवढ्या दगडगोट्यांच्या निकस मातीतही पानात प्रथिनं चांगली. चरलेली रोपं पुष्कळ दिसतात. पोरानं स्वतः एक पान चघळून पाहिलं आणि वहीत स्वतःच्या अक्षरात ‘चव: आंबट’ असं लिहिलं. तसा रकाना आमच्या तक्त्यात नाही.

साडेबारा

4,850. बर्फाची जीभ घळीत अजून पडून आहे. तिच्या कडेची एक हात जमीन चिखलाची, काळी. त्यापुढे दोन हात नखाएवढे हिरवे कोंब. त्यापुढे बोटभर पाती. आठवड्यापूर्वी हा चिखल बर्फाखाली होता.

इथला चारा प्रयोगशाळेत पाठवला तर दिवसभरातला सगळ्यात सकस निघेल. पण चौकट टाकून कापायला गेलं की पिशवीच्या तळाला चिमूटभर जमतं. तेवढ्यावर पोट कसं भरणार? भराल दिवसात किती घास घेऊ शकतं याला मर्यादा आहे, आणि एका घासात दोन कोंब येत असतील तर सकस चाऱ्यावर उपास घडेल. म्हणून चरणारा प्राणी अगदी पहिल्या कोंबामागे धावत नाही. पुरेसं वाढलेलं आणि अजून जून न झालेलं, असं मधलं गवत तो शोधतो. 1991 मध्ये जॉन फ्रिक्सेल यांनी ही कल्पना गणितात बसवली. आमच्याकडचे मेंढपाळ तिच्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेत. मेमे चौकटीकडे बघून एवढंच म्हणतात, की आठ दिवसांनी या, मग इथं जनावरं असतील.

वर, धारेवर, पाच-सात नर दिसतात. उन्हाळ्यात ते वेगळे हिंडतात. मोठ्या अंगाच्या प्राण्याला दर किलो वजनामागे ऊर्जा कमी लागते आणि पोटही मोठं, त्यामुळे हलक्या प्रतीचा चारा तो निभावून नेतो. पिल्लू नसल्यामुळे कड्याची ओढही कमी.

जेवण: बार्लीची जाड रोटी, उकडलेले बटाटे, सोबत वाशिमहून आलेली शेंगदाण्याची चटणी. मेमेंना ती तिखट लागते, पण दुसऱ्यांदा मागतात.

दोन

उन्हाच्या वेळेस भरालं बसून रवंथ करतात. आम्हीही बसतो, पण लेंड्या गोळा करून झाल्यावर. ताज्याच हव्यात, ओलसर, चकाकणाऱ्या. दोन दिवस उन्हात पडलेल्या लेंडीवर किडे येतात, पाऊस झाला तर नत्र धुऊन जातं. लेंडीतलं नत्र वाढलं की सहसा चाऱ्याचा कस वाढलेला असतो, आणि प्राण्याला हात न लावता वर्षभराची नोंद ठेवता येते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात न पचलेल्या पानांच्या सालीचे तुकडे दिसतात. रंध्रांच्या आणि लवेच्या ठेवणीवरून गवत, लव्हाळी, झुडूप ओळखता येतं. हे काम डोळे फोडणारं आहे. हल्ली डीएनए काढून तेच करतात.

बसल्या जागी एक उघडी, चाटून गुळगुळीत झालेली मातीची दरड आहे. खारी. कोवळ्या चाऱ्यात पोटॅशियम खूप आणि सोडियम फार थोडं असतं, म्हणून ऐन हिरवाईतच जनावरांना मिठाची ओढ लागते.

चार

धारांमधून नाला ओलांडून उतरताना पठारावर याक आणि घोडे भेटतात. गावचेच. याक आणि घोडे इथं मोकळेच सोडलेले असतात, बरेचदा हिवाळ्यातही. बाकीची गुरं, शेळ्या-मेंढ्या हिवाळ्यात गोठ्यात, साठवलेल्या चाऱ्यावर.

खरं तर उन्हाळ्यातली आमची मोजमापं हा अर्धाच हिशेब. या पठारावर बर्फ पडतो तेव्हा पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. वाढीचा हंगाम मेपासून फार तर सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर डोंगरावर नवं काही उगवत नाही. उरलेले सात-आठ महिने भराल जगतं ते उन्हाळ्यात अंगावर चढवलेल्या चरबीवर आणि जे उभं राहिलंय त्या वाळक्या काडीवर. तेव्हा उंचीचा नियम उलटा होतो. वर बर्फ खोल, म्हणून ती खाली येतात. पण खालीही सगळीकडे नाही. जिथं वारा बर्फ उडवून नेतो त्या धारा, आणि दक्षिणेकडचे उतार जिथं ऊन लागून जमीन उघडी पडते. त्या वेळी काडीत किती प्रथिनं हा प्रश्न मागे पडतो, काडीपर्यंत तोंड पोचतं का हा पुढे येतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वाईट असली तर जनावर झुडपांकडे वळतं. कॅरागानाच्या आणि इतर झुडपांच्या काटक्यांत वाळक्या गवतापेक्षा प्रथिनं कधी जास्तही दिसतात, पण त्यात लिग्निन आणि टॅनिन असतं. टॅनिन प्रथिनाला धरून ठेवतं. ते प्रथिन अंगी न लागता लेंडीतून बाहेर पडतं. म्हणून झुडपं खाल्लेल्या जनावराच्या लेंडीत नत्र फसवं वाढलेलं दिसतं. मी झुडपांचा हिशेब कायम वेगळा ठेवते, आणि हिवाळ्यातल्या लेंडीच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांशी वाद घालते.

गुरांच्या चरण्याचा भरालांच्या या हिवाळ्यावर काय परिणाम होतो, याबद्दल या खोऱ्यात पक्कं काम झालंय. चारुदत्त मिश्रा आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं की जिथं गुरांचा भार जास्त तिथं भरालांची दाटी कमी, आणि माद्यांमागे पिल्लंही कमी. पुढे 2010 मध्ये कुलभूषणसिंह सूर्यवंशी आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यातला आहार तपासला. गुरांनी चरून गवत कमी उरलं तिथं मुळात गवत खाणारी भरालं झुडपं खात होती. आहारात गवताचा वाटा जिथं कमी तिथं पिल्लांचं प्रमाणही कमी. थोडक्यात, हे याक आत्ता जुलैत जे खातायत ते भरालाच्या जानेवारीतलं आहे. आत्ता डोंगरावर सगळ्यांना पुरेल एवढं हिरवं दिसतं आणि भांडण कुठंच दिसत नाही. भांडण सहा महिन्यांनी होतं, आणि त्यातला एक पक्ष तेव्हा उबदार गोठ्यात किंवा दुसऱ्या उतारावर असतो.

गावाला हे सांगायला आमची गरज नव्हती. 1990च्या दशकाच्या अखेरीस किब्बरनं आपल्या चराऊ जमिनीचा एक भाग गुरांना बंद केला, त्यासाठी गावाला मोबदला ठरला, राखण गावानंच केली. काही वर्षांत तिथं भरालं वाढली. मेमे सांगतात की पहिल्यांदा ठरलं तेव्हा पुष्कळ खळखळ झाली होती. कुणाचा घोडा रात्री आत जायचा ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि बैठकीत कुणी नाव घ्यायचं नाही. आता पाहुणे हिमबिबट्या बघायला हिवाळ्यात येतात, त्यामुळे तशी खळखळ कमी. पण याकाचं लोकर-दूध-ओझं आणि घोड्याचा भाव ज्याच्या घरात येतो त्याला उताराच्या कसाचं व्याख्यान देणं मला कधी जमलेलं नाही, आणि जमावं असंही वाटत नाही.

सहा

घरी. निवडणं, वजन करणं, चिठ्ठ्या लावणं. उंची, उताराचं तोंड, तारीख, वनस्पतीचा गट, हिरवं की वाळकं. ओलं वजन आत्ता, कोरडं वजन प्रयोगशाळेत 60 अंशांच्या भट्टीतून काढल्यावर. कंटाळवाणं काम, रेडिओ लावून केलं की उरकतं.

साडेआठ

थुकपा खाऊन वही संगणकात उतरवायची. सौर बॅटरी संपायच्या आत.

पोरानं विचारलं, हवा तापतेय, बर्फ लवकर जातोय, म्हणजे चारा लवकर येणार, मग भरालांचं चांगलंच नाही का? प्रश्न रास्त आहे. मीही सुरुवातीला तसंच धरून चालले असते. नताली पेतोरेली आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांवरून हिरवाईचा वेग काढला आणि तो कॅनडातल्या रानमेंढ्या व डोंगरी शेळ्या आणि इटलीतल्या ग्रान पारादिसोमधल्या आयबेक्सच्या पिल्लांशी ताडून पाहिला. वसंत झपाट्यानं आला, म्हणजे हिरवाई एकदम भरात आली, त्या वर्षी पिल्लांची वाढ किंवा त्यांचा तग उलट घटला. एकाच झटक्यात सगळा उतार हिरवा झाला की सगळा उतार एकाच वेळी जूनही होतो. प्राण्याला खालून वर, घळीतून धारेवर सरकत कोवळं शोधायची संधी उरत नाही. भरालाचा फायदा उताराच्या असमानतेत आहे, नुसत्या हिरवाईत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक उंचीवर जमिनीत तापमापक पुरलेत. पहिला कोंब कधी आला आणि पहिला तुरा कधी आला यातले दिवस आम्हाला हवेत, नुसती पहिली तारीख नको.

तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात ते पण हेच की. तत्त्व तेच, दिशा उलटी: देशावरचं गवत वाळलं की ते ओल असलेल्या प्रदेशात खाली जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत फिरतात. इथं लाहौलमध्ये आणि पिनच्या खोऱ्यात कांगडा-चंब्याचे गद्दी उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वर चढतात. वहीत यासाठीही रकाना नाही, पण हे आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत घाल म्हटलं.

उद्या खालचे तुकडे, नदीकाठी, काझाच्या बाजूला. तिथं गवत पार वाळायला लागलं असणार, तेव्हा कात्रीला धार लावून ठेवायची. मेमे येणार नाहीत. त्यांच्या वाटाण्याला पाणी द्यायची पाळी उद्या सकाळची आहे, आणि ती चुकली तर पुढची चार दिवसांनी.